पुस्तकात नसलेलं ‘ना’

मी मधली. म्हणजे आम्ही तिघी बहिणी एकाच पांढऱ्या खोक्यात उभ्या असतो. थोरली, मी आणि धाकटी. तिघी मिळून एक आख्खं गाण्याचं नाटक होतं. लोक आम्हाला रेकॉर्ड म्हणतात. कुणी जरा पुस्तकी बोलणारं असलं तर तबकडी म्हणतं. मला दोन्ही चालतं. सुई टेकली की नाव विचारायला कुणाला सवड असते?

आमच्या नाटकाला ऑपेरा म्हणतात. त्यात साधं बोलणं नाहीच. दार लाव म्हणायचं तरी गाऊन म्हणायचं. थोरलीवर सुरुवात आहे, ओळखीपाळखी, हसणंखिदळणं. धाकटीवर शेवट आहे, आणि शेवट लवकर आटपला म्हणून तिच्या उरलेल्या जागेत व्हायोलिनचा एक कॉन्चेर्टो घातलाय. एकटं व्हायोलिन एकीकडं आणि सगळा वाद्यांचा ताफा दुसरीकडं. एकट्या सुनेनं सगळ्या घराशी बोलावं तसं ते व्हायोलिन बोलतं, आणि शेवटी सगळ्यांना आपल्या बाजूला वळवतं. माझ्या वाट्याला मधला अंक आला. मधलीच्या वाट्याला नेहमी येतं तेच. रडारड.

या अंकात एक बाई नदीच्या धक्क्यावर उभी असते आणि तिचा माणूस होडीत बसतो. वाद्यं थांबतात. ती एकच शब्द गाते. ‘थांब.’ तो काही थांबत नाही, पण त्या एका शब्दासाठी लोक चांगले कपडे घालून येतात आणि डोळे पुसत घरी जातात.

माझा जन्म कारखान्यात झाला असं म्हणतात. मला विचाराल तर तो त्याआधी झाला, एका संध्याकाळी, भरलेल्या रंगमंदिरात. वरून माईक टांगले होते आणि एक खाली, रंगमंचाच्या अगदी कडेला ठेवला होता. त्याच्या शेजारी एक लाकडी टोपी होती. टोपीखाली भोक, आणि भोकात एक बाई बसलेली, तोंड गाणाऱ्यांकडं, पाठ लोकांकडं. ती प्रॉम्प्टर. समोर पुस्तक उघडं ठेवायचं आणि प्रत्येक ओळीचा पहिला शब्द गाणाऱ्याच्या कानावर घालायचा, त्यानं तोंड उघडायच्या जरासं आधी. प्रेक्षकांना ती दिसत नाही. ऐकू तर मुळीच येता कामा नये. ऐकू आली म्हणजे काम बिघडलं.

ती टोपी रंगमंदिराच्या सुतारानं तिच्या मापाची बनवली होती. माप घ्यायला तो इतक्या वेळा आला की शेवटी तिनं विचारलं, “माझं डोकं रोज वाढतं का हो?” त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

तर त्या संध्याकाळी काय झालं, सांगते. धक्क्यावरची बाई गायला ज्या होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. हे काम त्यांनी देशोदेशी केलेलं. वाद्यं थांबली. मोठ्या बाईंनी श्वास घेतला. आणि तो एकुलता एक शब्द डोक्यातून गेला. आपल्याच घराच्या दारात उभं राहून किल्ली सापडू नये, तसं.

भोकातून आवाज आला, “थांब.”

नीट, कामाचा आवाज. मोठ्या बाईंनी नुसतं खाली पाहिलं. डोळे रिकामे. तेव्हा ती टोपीखालची बाई जराशी पुढं वाकली आणि रुसलेल्या लेकराला म्हणावं तसं म्हणाली, “थांब ना.”

आणि मग मोठ्या बाई अशा गायल्या की रंगमंदिरात कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत.

‘थांब’ पुस्तकात होतं. ‘ना’ नव्हतं. ते तिनं पदरचं घातलं.

कडेच्या माईकनं ते उचललं. मग कारखान्यात काळा गरम गोळा, वरून साचा, खालून साचा, आणि झाले मी. आधी नमुन्याचे मोजके संच काढतात, साहेबलोकांनी ऐकून होकार द्यायला. आम्ही तिघी तशा नमुन्याच्या, म्हणून तर आमच्या खोक्यावर चित्र नाही की नाव नाही. कंडक्टरसाहेबांनी मला ऐकलं. कंडक्टर म्हणजे तिकीटवाला नव्हे, वाद्यवाल्यांसमोर काठी हलवतात ते. ऐकता ऐकता ते खुर्चीतून उठलेच.

“हे कोण कुजबुजतंय मध्येच? काढा ते!”

मूळ टेपची तेवढी पट्टी कात्रीनं कापली आणि फेकून दिली. दुसऱ्या एका प्रयोगातली तेवढीच शांतता आणून तिथं चिकटवली. बाजारात ज्या माझ्यासारख्या हजारो गेल्या, त्यांच्यात ही चिकटवलेली शांतता आहे. आणि गंमत ऐका, जाणकार लोक त्या शांततेवरच भाळले. “काय थांबल्या आहेत बाई तिथं!” म्हणून माना डोलावतात. आता नव्या गायिकासुद्धा तिथं मुद्दाम तेवढ्याच थांबतात म्हणे.

नमुने मोडून टाका असा हुकूम होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसानं बाकीचे मोडले. आम्हा तिघींना कोटाखाली धरून तो प्रॉम्प्टर बाईंकडं आला.

“बाई, तुमचा आवाज आहे यात. माझ्या हातून मोडवेना. फक्त कुणाला ऐकवू नका.”

ती कानापर्यंत लाल झाली. “अहो, नोकरी घालवाल माझी!”

“म्हणून तर तुम्हालाच देतोय.”

ती आम्हाला घरी घेऊन आली. रंगमंदिरातून मिळाल्या, एवढंच तिनं नवऱ्याला सांगितलं. अधूनमधून वाजवायची. पण धक्क्याचा प्रसंग जवळ आला की उठून आवाजाचं बटण फिरवायची, पार बारीक. सुतार चिडवायचा, “ऐन रंगात आलं की तू कशाला गळा दाबतेस तिचा?” ती म्हणायची, “शेजारी काय म्हणतील!” लपूनछपून काम करणाऱ्या बाईला स्वतःचा आवाज ऐकायची लाज वाटत होती, दुसरं काय.

मग त्यांना मुलगी झाली. ती चालायलाच शिकली नाही, एकदम पळायलाच लागली. म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. जिना दिसला की भिंगरी सुटली, रस्ता दिसला की सुटली. आणि मागून आईचा आवाज, “थांब ना, भिंगरी! थांब ना!” दिवसभर घरात तेच. मी खोक्यातून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हे तर माझ्याजवळ आहे.

भिंगरी दुसरीत होती तेव्हा आईला ताप आला. साधा ताप, दोन दिवसांत उतरेल म्हणाले. तो उतरला नाही. ती गेली.

सुतारानं प्लेअरचं झाकण लावलं आणि त्यावर फुलदाणी ठेवली. कितीतरी वर्षं ती फुलदाणी हलली नाही. घरात तिचे फोटो होते. फोटो असतातच हो माणसांचे. आवाज कोण ठेवतं? एकदा भिंगरीनं विचारलं, “बाबा, आईचा आवाज कसा होता?”

“चांगला होता.”

“चांगला म्हणजे कसा?”

बाबा उठून नळ दुरुस्त करायला गेले. नळ चांगला वाहत होता.

भिंगरी फुलदाणी उचलण्याएवढी मोठी झाली तेव्हा एका रविवारी तिनंच ती उचलली.  बाबांनी स्वतःच मला काढलं, बाहीनं पुसलं, सुई ठेवली. सुई उडू नये म्हणून दांडीवर एक नाणं ठेवलं. बटण फिरवायला आता कुणी नव्हतं. धक्का आला. वाद्यं थांबली.

भिंगरीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. “आई बोलली.”

“गाणारी बाई आहे गं ती.”

“तिच्या आधी, बाबा. ‘थांब ना’ म्हणाली. परत लावा.”

बाबांनी परत लावलं. परत. चौथ्यांदा ते लावायला उठले ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, आणि सुई भिंगरीनं ठेवली.

माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. भिंगरी शाळेतून आली की मी. परीक्षा बिघडली की मी. आख्खा अंक तिला नको असायचा. नेमकी त्या जागी सुई टेकायची, दोन शब्द ऐकायची, उचलायची, परत टेकायची. तिला वाटायचं, अशा हजारो रेकॉर्ड जगात आहेत, आपली आई घराघरात बोलत असेल. त्या विचारानं तिला झोप लागायची. मी कसं सांगणार? मला तोंड आहे, पण ते सुईशिवाय उघडत नाही.

पुढं प्लेअर बिघडला म्हणून ती मला घेऊन रेकॉर्डच्या दुकानात गेली. दुकानदार काकांनी मला उजेडात तिरकी धरली आणि च्यक केलं. “इथं बघ पोरी. पांढरा पट्टा दिसतो ना? इथं सुई फार फिरली आहे. त्यात नाणं ठेवत होता, हो की नाही? रेघ झिजली.”

“मग काय होईल?”

“मोठे आवाज टिकतात. बारीक असतात ते आधी जातात.”

प्लेअर दुरुस्त होऊन घरी आल्यावर तिनं एकदाच लावून पाहिलं. पहिला ‘थांब’ धूसर झाला होता, धुक्यातून कुणी बोलावं तसा. दुसरा त्याहून बरा होता. ‘ना’ तेवढं लखलखीत. तिनं सुई उचलली, मला मऊ कापडात गुंडाळलं आणि ठेवून दिलं. त्या दिवसापासून मी वाजले नाही.

लग्न होऊन ती दुसऱ्या घरी आली. आम्ही तिघी आलो. तिला मुलगी झाली. आणि काय सांगू, एवढी पळणारी भिंगरी, पण आई झाल्यावर जागच्या जागी थरथरायला लागली. बाळ झोपलं की नाकापाशी बोट धरून श्वास बघायची. बाळाला वारा लागू नये, ऊन लागू नये, धूळ लागू नये. हेच नियम मला. खिडकीपासून दूर, भिंतीला टेकवायचं नाही, आडवं ठेवायचं नाही. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. तो म्हणायचा, “आपल्याला दोन मुली आहेत. एक रडते आणि एक कपाटात आहे.”

“हसू नकोस. काही झालं म्हणजे?”

“काय होणार आहे?”

“तेच तर माहीत नसतं ना!”

बाळाला झोपवायला ती धाकटीला लावायची, तो व्हायोलिनचा कॉन्चेर्टो. संथ भाग आला की बाळाचे डोळे मिटायचे. मी शेजारी कापडात. खोटं कशाला बोलू, जळफळाट व्हायचा. बहीण झाली म्हणून काय झालं? ती रोज हवेत येत होती, फिरत होती, बाळाचा वास घेत होती. मला जपत होते. जपणं म्हणजे काय ते जपल्या जाणाऱ्यालाच कळतं. अंधार असतो तो, मऊ कापडातला.

बायको रोज कपाटापाशी उभी राहते आणि दार न उघडताच परत फिरते, हे नवऱ्याला दिसत होतं. त्यानं गुपचूप शोधाशोध केली आणि एक दिवस दुपारीच घरी आला, काखेत मोठं खोकं. वर मोठ्या बाईंचा रंगीत फोटो.

“हे बघ! तुझंच नाटक, तीच गाणारी. कुणी सुईसुद्धा लावली नाहीये. ही वाजव हवी तेवढी, पार झिजवून टाक. ती राहू दे तुझी जपून.”

तिच्या तोंडावर जे हसू आलं, तसं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. बाळाला कडेवर घेऊन तिनं नव्या मधलीला लावलं. बाळाला म्हणाली, “ऐक हं. आता आजी बोलेल.”

धक्का आला. वाद्यं थांबली.

शांतता.

छान, स्वच्छ, धुतलेली शांतता. मग मोठ्या बाई गायल्या.

“परत लाव,” ती म्हणाली. त्यानं लावलं. तेच.

“काय झालं? खराब आहे का?”

“नाहीये ती.”

“कोण?”

“आई. यात नाहीये.”

तिनं बाबांना फोन लावला. बाबा आता थकले होते, ऐकू कमी यायचं. तिला ओरडून विचारावं लागलं. “बाबा, आईनं ही रेकॉर्ड कुठून आणली होती? विकतच्यात तिचा आवाज नाहीये!”

 बाबा म्हणाले, “रंगमंदिरातून मिळाली, म्हणाली होती. धक्क्याचा प्रसंग आला की ती बटण बारीक करायची. मला वाटायचं शेजाऱ्यांसाठी.”

फोन ठेवून ती खाली बसली. घराघरात बोलणारी आई एका क्षणात सगळ्या घरांतून उठून गेली होती. उरला होता माझा एक पांढरा पट्टा, झिजलेला.

नवऱ्याला फार लागलं ते. चांगलं करायला गेला आणि हे असं. संध्याकाळी तो म्हणाला, “ऐक. उरलंय तेवढं तरी उतरवून घेऊ. फोनवर. मग हजारदा ऐक, झिजणार नाही.”

“त्यासाठी वाजवावी लागेल.”

“एकदा तर वाजवावीच लागेल.”

“त्या एकदात उरलेलं गेलं तर?”

“आणि नाही वाजवली तर काय आहे तुझ्याकडे, सांग? कापड?”

ती रागावली. दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. मी मात्र कापडात त्याला आशीर्वाद देत होते. तिसऱ्या दिवशी बाळाला दूध पाजता पाजता तीच म्हणाली, “त्या काकांना विचार. हलकी सुई असते का.”

दुकानदार काका स्वतः आले, नवी हलकी सुई घेऊन. म्हाताऱ्या माणसाचे हात, पण सुई ठेवताना हलत नव्हते. फोन टेबलावर ठेवला, आवाजाच्या पेटीसमोर. खिडक्या लावल्या. बाळाला मांडीवर घेऊन ती बसली आणि तिनंच सगळ्यांना बजावलं, “कुणी बोलायचं नाही. खोकायचं नाही. एकदाच वाजवायची आहे.”

मग कापड सुटलं. उजेड. हवा. मी फिरायला लागले आणि सुई आली. काय सांगू तुम्हाला! सगळा अंक अंगातून उठला, वाद्यं, होडी, धक्का, त्या रंगमंदिरातला माणसांचा श्वास. मी पुढं पुढं चालले होते आणि भीतही होते, कारण पांढरा पट्टा जवळ येत होता.

वाद्यं थांबली.

पहिल्या ‘थांब’च्या जागी नुसती खरखर. मी जीव एकवटला. रेघेत जे म्हणून उरलं असेल ते पुढं ढकललं. मला कळत होतं, दुसराही ‘थांब’ गेलाय. तिलाही कळलं. तिच्या ओठांवर तो शब्द इतकी वर्षं होता. तो कुठं यायचा, केवढ्या श्वासानंतर, हे तिला झोपेतही ठाऊक. ती जराशी पुढं वाकली आणि हळूच, स्वतःच्याच आवाजात म्हणाली,

“थांब.”

आणि सुईखालून आलं, “ना.”

मग मोठ्या बाई गायल्या.

बाजू संपेपर्यंत कुणी हललं नाही. बाळ तोंडात मूठ घालून बसलं होतं. नवऱ्यानं फोन उचलला, बटण दाबलं. काका घसा खाकरून म्हणाले, “बाई, तुमचा आवाज आलाय हो त्यात. ऐन जागी. परत एकदा घेऊ या का?”

“घेऊ,” नवरा म्हणाला. “आता नाही बोलणार ती.”

दोघं तिच्याकडं पाहत होते. मीही. खरं सांगते, मला वाटत होतं, हो म्हण. उरलेलं गेलं तर जाऊ दे, पण एकदा, अजून एकदा सुई येऊ दे.

“नको,” ती म्हणाली.

तिचे ‘नको’ मी खूप ऐकलेत. बाळाला बाहेर नको, खिडकी उघडी नको, रेकॉर्ड लावायला नको. सगळे घाबरलेले. हा तसा नव्हता.

“नको, राहू दे,” ती म्हणाली. “तिनं म्हटलंय, मी म्हटलंय. जमलंय ते.”

आता रोज फोन वाजतो. कपाटातून मला ऐकू येतं, एकीचा शब्द आणि दुसरीचा शब्द, मिळून एक हाक. बाळ आता उभं राहतं आणि फोनकडं बोट दाखवून मागतं. मला आता कापडात गुंडाळत नाहीत. धाकटी आणि थोरलीच्या मध्ये उभी असते, माझ्या जागी. कधी कधी दार उघडं राहतं आणि ऊन माझ्या कडेवर येतं, तर ती धावत येऊन दार लावत नाही.

तुमच्याही घरात एखादी माझ्यासारखी असेल. तिला वाजवा एवढंच मागणं आहे. झिजेल, झिजू दे. आम्ही त्यासाठीच गोल फिरतो. माझं म्हणाल तर मी वाट बघते आहे. पोर मोठी होईल, एखाद्या दुपारी तिला फोनमधलं पुरणार नाही, आणि ती विचारेल, हे येतं कुठून? तेव्हा सुई खाली येईल. माझ्याजवळ आता ‘ना’ तेवढंच उरलंय. मागितलं तर तेही देईन.